हृदयविकाराची ‘जोखीम’ कशी सापडली? फ्रॅमिंगहॅमचे गावकरी, लंडनच्या बसगाड्या आणि पुण्याजवळची बाळे (थ्रेड)

१. १२ एप्रिल १९४५. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज येथे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आपले चित्र काढून घेण्यासाठी बसले होते. दुपारी एकाएकी डोक्याच्या मागील भागात तीव्र वेदना होत असल्याचे त्यांनी सांगितले आणि ते बेशुद्ध झाले. त्या वेळी मोजलेला रक्तदाब ३००/१९० होता. मेंदूत रक्तस्राव होऊन काही तासांतच त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ६३ होते.

२. हा मृत्यू पूर्णतः अनपेक्षित असल्याचे त्यांचे वैयक्तिक वैद्य ॲडमिरल रॉस मॅकइंटायर यांनी सांगितले. नोंदी मात्र वेगळी हकीकत सांगतात. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी रूझवेल्ट यांना तपासले, तेव्हाच रक्तदाब १८६/१०८ होता. हृदयाचा आकार वाढला होता आणि ते निकामी होऊ लागल्याची चिन्हे दिसत होती. डिजिटॅलिस, मिठावर नियंत्रण, सिगारेटी कमी करणे, विश्रांती. यापलीकडे ब्रुएन यांच्या हाती फारसे काही नव्हते.

३. दोष एका वैद्याचा म्हणता येत नाही, कारण त्या काळचे ज्ञानच तेवढे होते. पॉल डडली व्हाइट यांच्यासारख्या नामवंत हृदयरोगतज्ज्ञाने १९३१ मध्ये असे मत मांडले होते की वाढलेला रक्तदाब ही शरीराची भरपाईची व्यवस्था असू शकेल आणि तसे असल्यास त्यात हस्तक्षेप करू नये. वयाबरोबर रक्तवाहिन्या कठीण होणे हे केस पिकण्याइतकेच स्वाभाविक मानले जाई. हा समज कसा मोडला आणि हृदयविकार कोणाला होणार हे आधी ओळखण्याची विद्या कशी उभी राहिली, त्याचा हा इतिहास.

४. प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. हा विकार केवळ आधुनिक काळाचा नाही. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्राचीन ममींच्या सीटी स्कॅनचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इजिप्त, पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अल्यूशियन बेटे येथील १३७ ममी त्यात तपासल्या गेल्या. त्यांपैकी ४७ ममींच्या, म्हणजे सुमारे एकतृतीयांश देहांच्या, रक्तवाहिन्यांत धमनीकाठिण्याच्या खुणा आढळल्या. माणसाच्या शरीरात या विकाराची क्षमता फार जुनी आहे. तो विसाव्या शतकात एवढा का फोफावला, हा खरा प्रश्न आहे.

५. लक्षणांची स्पष्ट नोंद अठराव्या शतकात झाली. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्ससमोर एक निबंध वाचला. चालताना, विशेषतः चढ चढताना, छातीत आवळल्यासारखी वेदना होते आणि थांबताच ती ओसरते, असे रुग्ण त्यांनी पाहिले होते. या वेदनेला त्यांनी ‘अंजायना पेक्टोरिस’ हे नाव दिले. तिचे मूळ हृदयाच्या धमन्यांत आहे, हे मात्र त्यांच्या लक्षात आले नव्हते.

६. ते लक्षात आले एडवर्ड जेन्नर यांच्या. देवीच्या लसीमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले हेच जेन्नर. अंजायनाने मेलेल्या एका रुग्णाचे हृदय कापताना त्यांच्या सुरीला काही कठीण, खरखरीत लागले. जुन्या छताचा चुना पडला असावा असे वाटून त्यांनी वर पाहिले. कठीण झालेली वस्तू मात्र हृदयाची धमनीच होती. जेन्नर यांनी हा निष्कर्ष लगेच प्रसिद्ध केला नाही. त्यांचे गुरू, विख्यात शल्यविशारद जॉन हंटर, यांनाच हीच वेदना होत होती आणि गुरूंना त्यांचे भविष्य सांगणे शिष्याला नको होते.

७. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील बैठकीत वादावादी झाली आणि त्यानंतर हंटर तेथेच कोसळले. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या धमन्या कठीण झालेल्या आढळल्या. शिष्याचा अंदाज खरा ठरला, पण त्या धमन्या तशा का झाल्या, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. पुढील शंभर वर्षे शवविच्छेदनाच्या मेजावर धमनीकाठिण्य दिसत राहिले. जिवंत माणसातील त्याचा आरंभ कोणी पाहिला नव्हता.

८. पहिला ठोस प्रयोग १९१३ चा. सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह आणि सेमियन खालातोव्ह यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना खाऊ घातले. काही आठवड्यांतच सशांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चरबीचे थर साचू लागले आणि ते मानवी विकाराशी मिळतेजुळते होते. धमनीकाठिण्य हा म्हातारपणाचा अटळ परिणाम नसून तो घडवता येतो, असा याचा अर्थ होता.

९. हा शोध अनेक दशके बाजूला पडून राहिला. ससा शाकाहारी प्राणी, त्याच्यावरून माणसाचे अनुमान कसे काढावे, हा आक्षेप वाजवी होता. उंदीर आणि कुत्र्यांवर तोच प्रयोग तसा यशस्वी होईना. शिवाय तोपर्यंत क्षय, न्यूमोनिया आणि पटकी हेच मोठे शत्रू होते. संसर्गजन्य रोगांचा जोर ओसरू लागल्यावर चित्र पालटले. १९४० च्या दशकात अमेरिकेतील सुमारे निम्मे मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होऊ लागले.

१०. रूझवेल्ट यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १६ जून १९४८ रोजी, राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी ‘नॅशनल हार्ट ॲक्ट’वर स्वाक्षरी केली. राष्ट्रीय हृदय संस्था स्थापन झाली आणि वीस वर्षे चालेल अशा एका अभ्यासासाठी पाच लाख डॉलरचा निधी मिळाला. त्यासाठी मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम हे सुमारे २८,००० वस्तीचे गाव निवडले गेले. ते बॉस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयांजवळ होते आणि १९१७ पासून काही वर्षे तेथे क्षयरोगावरील एक सामुदायिक प्रकल्प यशस्वीपणे राबवला गेला होता. वैद्यकीय पाहणी ही तेथील लोकांना नवी गोष्ट नव्हती.

११. या अभ्यासाची कल्पना त्या काळी विलक्षण होती. रुग्णालयात आलेल्या आजारी माणसांना वगळून निरोगी माणसे निवडायची आणि वाट पाहायची. ३० ते ६२ वयोगटातील ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद झाली. त्यांत २,८७३ स्त्रिया होत्या आणि स्त्रियांचा एवढा समावेश त्या काळी दुर्मीळ होता. दर दोन वर्षांनी रक्तदाब, रक्ततपासणी, वजन, हृदयाचा विद्युत आलेख आणि सवयींची चौकशी होई. कोणाला झटका येतो, कोणाला येत नाही, हे काळच ठरवणार होता. थॉमस डॉबर यांनी हे काम नेटाने पुढे नेले.

१२. फ्रॅमिंगहॅममध्ये वाट पाहणे चालू असतानाच १९५३ मध्ये दोन धक्कादायक अहवाल आले. पहिला कोरियाच्या युद्धभूमीवरून. तेथे मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांचे शवविच्छेदन करण्यात आले. त्यांचे सरासरी वय अवघे २२ होते. तरीही त्यांपैकी ७७ टक्के सैनिकांच्या हृदयधमन्यांत विकाराच्या उघड खुणा होत्या. काहींत नुसते पट्टे होते, तर काहींत धमनी बरीच अरुंद झाली होती. हे सैनिक धडधाकट म्हणून भरती झालेले होते. पन्नाशीत कळणारा आजार विशीतच सुरू झालेला असतो, हे यातून प्रथमच ठळकपणे पुढे आले.

१३. दुसरा अहवाल लंडनचा. जेरी मॉरिस यांनी लंडन ट्रान्सपोर्टच्या सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी तपासल्या. डबलडेकर बसचा चालक दिवसभर बसून असे. त्याच बसचा कंडक्टर दिवसाला सुमारे ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. आर्थिक स्थिती सारखी, शहर तेच, रस्तेही तेच. तरीही कंडक्टरांत हृदयधमनीचा विकार कमी आढळला. ज्यांना झाला त्यांना तो उशिरा झाला आणि तितका प्राणघातकही ठरला नाही. शारीरिक श्रमांचा हृदयाशी असलेला संबंध आकड्यांत दिसण्याची ही सुरुवात होती.

१४. मॉरिस यांची खरी थोरवी पुढच्या पावलात आहे. जाड माणसेच चालकाची नोकरी पत्करत असतील, तर फरक पायऱ्यांमुळे आहे असे कसे म्हणावे? हा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला आणि कर्मचाऱ्यांच्या गणवेशांच्या मापांची कागदपत्रे मिळवली. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात चालकांच्या विजारींची कंबर तरुण वयापासूनच अधिक रुंद असल्याचे दिसले. म्हणजे श्रम हे एकमेव कारण नव्हते. पुढे अनेक अभ्यासांनी श्रमांचे स्वतंत्र महत्त्व सिद्ध केले, पण एका तुलनेवरून घाईने निकाल देऊ नये, हा धडा मॉरिस यांच्या विजारींनी दिला.

१५. १९५७ पासून फ्रॅमिंगहॅमचे निष्कर्ष येऊ लागले. ज्यांचा रक्तदाब आरंभी अधिक होता, ज्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल अधिक होते, त्यांच्यात हृदयविकार स्पष्टपणे जास्त होता. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल, डॉबर आणि सहकाऱ्यांनी लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकात ‘जोखमीचे घटक’ हा शब्दप्रयोग आला. आज प्रत्येक आरोग्य शिबिराच्या फलकावर दिसणारा ‘जोखीम घटक’ हा शब्द या लेखामुळे वैद्यकात रुळला.

१६. या शब्दामागे विचारांतील मोठा बदल होता. क्षयाला एक जंतू, पटकीला एक जंतू, असे ‘एक रोग, एक कारण’ हे सूत्र तोवर वैद्यकाने जपले होते. हृदयविकाराला ते लागू पडेना. रक्तदाब अधिक असूनही काहींना झटका येत नव्हता आणि कोलेस्टेरॉल बेताचे असूनही काहींना येत होता. घटक नेमका निकाल सांगत नाही, शक्यता वाढवतो किंवा कमी करतो. अनेक घटक एकत्र आल्यावर ती शक्यता किती होते, हे मोजण्याचे गणित जेरोम कॉर्नफील्ड यांनी फ्रॅमिंगहॅमच्याच आकड्यांवर मांडले.

१७. तंबाखूचा हिशेबही याच काळात झाला. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली. सुमारे ४०,००० डॉक्टरांनी उत्तरे दिली. धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कितीतरी जास्त होते, हे सर्वश्रुत आहे. हृदयधमनीच्या विकारानेही ते अधिक मरत होते, हे तितकेसे प्रसिद्ध नाही. हा विकार मुळातच फार आढळत असल्यामुळे प्रमाणातील थोड्या वाढीनेही मृत्यूंची संख्या मोठी होत होती.

१८. आहाराचा प्रश्न सर्वांत वादग्रस्त ठरला. अँसेल कीज यांनी १९५८ मध्ये ‘सात देशांचा अभ्यास’ सुरू केला. त्यात १२,७६३ पुरुष होते. संपृक्त चरबी भरपूर खाणाऱ्या पूर्व फिनलंडमध्ये हृदयविकाराचे प्रमाण सर्वाधिक, तर क्रीट बेटावर आणि जपानमध्ये अत्यल्प आढळले. देशांची निवड यादृच्छिक नव्हती, हा आक्षेप आजही घेतला जातो. जॉन युडकिन यांनी साखरेकडे बोट दाखवले होते. साखर उद्योगाच्या एका संस्थेने १९६० च्या दशकात हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन चरबीवर भर देणारा आढावा लिहून घेतल्याची कागदपत्रे २०१६ मध्ये उजेडात आली.

१९. वाद चालू असतानाही कृती करता येते, हे फिनलंडने दाखवले. तेथील उत्तर करेलिया प्रांतात तरुण, कर्ते पुरुष झटक्याने मरत होते. तेथील लोकांनीच सरकारकडे मदतीची मागणी केली आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. मार्था या गृहिणींच्या संघटनेने लोणी आणि मीठ कमी असलेले पदार्थ गावोगावी शिकवले. धूम्रपानाविरुद्ध मोहीम झाली. रक्तदाबाची तपासणी घरोघर पोहोचली. पुढील चार दशकांत तेथील कर्त्या वयाच्या पुरुषांतील हृदयधमनीच्या विकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

२०. प्रयोगशाळेतूनही पुरावा जमत होता. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल पेशी कशा उचलून घेतात, ती यंत्रणा शोधली. १९८५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी हजारो बुरशी तपासून १९७३ मध्ये कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे पहिले द्रव्य वेगळे केले. स्टॅटिन औषधांची ही जननी. १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरील स्कँडिनेव्हियन चाचणीत स्टॅटिन घेणाऱ्या गटातील एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. अनिच्कोव्ह यांच्या सशांना न्याय मिळायला ८१ वर्षे लागली.

२१. आज या विकाराचे चित्र असे मांडले जाते. धमनीच्या आतील नाजूक अस्तराला उच्च रक्तदाब, तंबाखूचा धूर आणि वाढलेली साखर यांमुळे इजा होते. एलडीएलचे कण त्या अस्तराखाली शिरून अडकतात. त्यांना गिळण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगतात आणि तेथेच थर बनतो. वर्षानुवर्षे तो वाढतो आणि त्यावर कवच येते. एखाद्या दिवशी ते कवच फाटते, तेथे रक्ताची गुठळी होते आणि प्रवाह थांबतो. पुष्कळदा फाटणारा थर धमनी फारशी अरुंद न करणाराही असतो. म्हणूनच काल ठणठणीत वाटणारा माणूस आज कोसळू शकतो.

२२. फ्रॅमिंगहॅमची एक मर्यादा होती. मूळ अभ्यासातील जवळजवळ सर्व लोक युरोपीय वंशाचे गोरे होते. त्यांचे आकडे जगाला लागू पडतात का? सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखालील ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासाने २००४ मध्ये उत्तर दिले. धूम्रपान, कोलेस्टेरॉलमधील बिघाड, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची पद्धत या नऊ घटकांनी पहिल्या झटक्याची बहुतांश जोखीम स्पष्ट होत होती. जगाच्या सर्व भागांत घटक तेच होते.

२३. घटक तेच, पण वय वेगळे. याच अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांचे विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी होते. पहिला झटका येण्याचे सरासरी वय इतर देशांत सुमारे ५९ होते, तर दक्षिण आशियात ५३. तरुण वयातच हे घटक अधिक प्रमाणात आढळणे, हे त्याचे मुख्य कारण दिसले. सहा वर्षांचा हा फरक म्हणजे घरातील कर्ता माणूस मुलांची शिक्षणे पुरी होण्याआधीच अंथरुणाला खिळणे किंवा दगावणे.

२४. हे घटक इतक्या लवकर का येतात, याचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमधील सुईणींच्या जुन्या नोंदवह्या तपासल्या. जन्मतः वजन कमी असलेली मुले पुढे हृदयविकाराने अधिक मरतात, असे त्यांना १९८९ मध्ये आढळले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडच्या साउदम्प्टनमधील बाळांचे ३.५ किलो. बाळे किडकिडीत होती, पण त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. स्नायू मात्र कमी होते.

२५. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन (आहारतज्ज्ञ युडकिन ते वेगळे) यांचे छायाचित्र छापले गेले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी एकच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. ‘अंगाने बारीक आहे, त्याला काय होणार’ हा आपल्याकडील समज किती फसवा आहे, हे त्या एका छायाचित्राने दाखवले. दिसायला सडपातळ असलेल्या शरीरातही मधुमेह आणि हृदयविकाराची तयारी चाललेली असू शकते.

२६. फ्रॅमिंगहॅमचा अभ्यास आजही चालू आहे. मूळ गावकऱ्यांची मुले १९७१ मध्ये आणि नातवंडे २००२ मध्ये त्यात सामील झाली. हेबर्डन यांनी वेदना ओळखली, जेन्नर यांनी धमनी ओळखली, अनिच्कोव्ह यांनी चरबी ओळखली. पण आजार येण्याआधी तो ओळखण्याची युक्ती मिळाली ती हजारो सामान्य माणसांनी दर दोन वर्षांनी दंड पुढे करून रक्तदाब मोजू दिला म्हणून. रूझवेल्ट यांच्या तपासणीतील १८६/१०८ हा आकडा १९४४ मध्ये वैद्यांना नीट वाचता आला नाही. आज तो गावातील प्राथमिक आरोग्य केंद्रातही वाचता येतो आणि त्यावर उपचार होतात. विशीतील वाचकाने हा आकडा एकदा तरी मोजून घ्यावा, एवढे या इतिहासाचे मागणे आहे.